शर्ली चिझम म्हणजे ‘नुसती पहिली’? जरा थांबा

सध्या ग्रुपाग्रुपांत एक फॉरवर्ड फिरतोय, अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या दिवंगत खासदार शर्ली चिझमबद्दल. थोडक्यात म्हणणं असं की बाई कृष्णवर्णीय आणि वर बाईमाणूस म्हणून आयत्या निवडून आल्या, 1972 ला राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या तो पब्लिसिटी स्टंट, संसदेत काम शून्य, आणि मेल्यावर मेडल मिळालं ते फक्त ‘पहिली’ म्हणून. लोकांनी धडाधड अंगठे दिलेत. मला मनापासून राग आलाय, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आयतं काहीच मिळालं नव्हतं. 1968 ला संसदेच्या निवडणुकीत न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या त्या मतदारसंघात स्थानिक डेमोक्रॅटिक पुढाऱ्यांचा माणूस दुसराच होता, त्याला प्रायमरीत (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) हरवल्यावर समोर आले जेम्स फार्मर, नागरी हक्क चळवळीतलं देशभर गाजलेलं नाव, आणि त्यांच्या प्रचाराचा सूर काय तर इथे पुरुषाचा आवाज पाहिजे! त्यात ऐन प्रचारात बाईंचं गाठीचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले आराम करा, पण फार्मरची माणसं ‘चिझम आहे कुठे’ विचारायला लागल्यावर या उठल्या आणि लाउडस्पीकरच्या गाडीवरून ‘फायटिंग शर्ली चिझम आलीये’ म्हणत गल्ल्या पालथ्या घातल्या. पोर्टो रिकन वस्तीत तर सरळ स्पॅनिशमध्ये बोलायच्या. फार्मरना दुपटीहून जास्त मतं घेऊन हरवलं. आणि त्याआधी नर्सरीत शिकवणं, डे-केअर चालवणं, न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेत 4 वर्षं, एवढं सगळं झालेलं होतं. याला आयतं कसं म्हणता?

‘काम शून्य’ हे तर मला सगळ्यात जास्त लागलं. संसदेत गेल्या गेल्या त्यांना शेती समितीत आणि तिथेही जंगलखात्याच्या उपसमितीत टाकलं, ब्रुकलिनच्या खासदाराला! नव्या सदस्याने गप्प बसायचं असा तिथला शिरस्ता, पण बाईंनी उघडपणे विरोध केला आणि माजी सैनिकांच्या समितीत बदलून घेतलं, कारण त्यांच्या मते त्यांच्या भागात झाडांपेक्षा माजी सैनिक कितीतरी जास्त होते. पुढे शिक्षण आणि कामगार समितीत गेल्या, तिथे त्यांचं खरं काम दिसतं. 1938 च्या किमान वेतन कायद्यात घरकाम करणाऱ्या बायकांना धरलंच नव्हतं, आणि त्या काळात कृष्णवर्णीय बायका मोठ्या संख्येने हेच काम करत होत्या. चिझमबाईंची स्वतःची आई शिवणकाम आणि लोकांची घरकामं करायची, त्यामुळे त्यांना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यासाठी त्या अनेक जणांबरोबर झटल्या आणि 1974 च्या दुरुस्तीत घरकामगार किमान वेतनात आले. गरोदर बायका आणि तान्ह्या मुलांच्या पोषणाची डब्ल्यूआयसी योजना 1972 ला मंजूर झाली, सिनेटमधला प्रस्ताव सिनेटर ह्यूबर्ट हंफ्रींचा, पण बाईंचाही तिच्यामागे जोर होता. त्याआधी 1971 मध्ये खासदार बेला ॲबझगबरोबर त्यांनी डे-केअरसाठीही बिल आणलं, त्याच वर्षी बालसंगोपनाचा मोठा कायदा दोन्ही सभागृहांत पास झाला आणि डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सननी व्हेटो वापरून तो अडवला. हरलेली लढाई म्हणजे न लढलेली लढाई नव्हे, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याला कळायला हवं होतं.

आता स्टंट. जिंकणार नाही हे त्यांना माहीत होतं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. पैसा जेमतेम, कृष्णवर्णीय पुरुष नेतेही नाराज की आम्हाला न विचारता उभी कशी राहिली. तरी कॅलिफोर्निया प्रायमरीच्या आधी टीव्हीवाल्यांनी फक्त मोठ्या उमेदवारांच्या डिबेट लावल्या तेव्हा बाई कोर्टात गेल्या आणि त्यांनाही वेळ द्यावा लागला. जुलैमध्ये मायामी बीचला उमेदवार ठरवणाऱ्या पक्षाच्या अधिवेशनात 152 डेलिगेट्सनी (प्रतिनिधींनी) त्यांना मत दिलं. स्टंटसाठी एवढी उस्तवार कोण करतं?

कमेंटमध्ये कुणीतरी लिहिलंय की ‘मग वर्णद्वेष्ट्या वॉलेसला दवाखान्यात भेटायला कशाला गेल्या?’ हो, गेल्या. मे 1972 मध्ये अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेसना गोळ्या लागल्या, ते त्याच निवडणुकीत प्रतिस्पर्धी होते, आणि चिझमबाईंच्याच समर्थकांना ही भेट आवडली नाही. पण घरकामगारांच्या त्या वेतनासाठी दक्षिणेकडच्या खासदारांची मतं हवी होती तेव्हा याच वॉलेसनी मदत केली, असं बाईंनी स्वतः सांगितलंय. मला तरी यात तडजोड दिसत नाही, माणुसकीच दिसते.

राहिला ‘पहिली’चा प्रश्न. तिथेही फॉरवर्ड अर्धवट आहे. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उतरलेली कृष्णवर्णीय बाई 1968 मध्येच होती, कम्युनिस्ट पक्षाच्या शार्लीन मिशेल. चिझमबाई मोठ्या पक्षाचं नामांकन मागणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय उमेदवार, आणि संसदेत निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. आपली ओळख फक्त ‘पहिली’ म्हणून राहू नये असं त्या स्वतःच म्हणायच्या.

आणि मेडल. 1993 मध्ये क्लिंटननी त्यांना जमैकाच्या राजदूत म्हणून नेमायचं ठरवलं होतं, तब्येतीमुळे त्यांनी नाही म्हटलं. 2005 मध्ये त्या गेल्या, ओबामांनी 2015 मध्ये मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हा मोठा नागरी सन्मान दिला. सलग 7 वेळा निवडून येऊन 14 वर्षं संसदेत काढलेल्या बाईला मिळालेलं हे मेडल ‘फुकटचं’ कसं, ते फॉरवर्ड करणाऱ्यांनी एकदा मला सांगा.