‘नवी सीट घेऊनही बधिरपणा’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमची तक्रार अशी: मधून फाकलेल्या नाकाची सीट घेऊनही पैठणला पोहोचेपर्यंत बधिरपणा आला, मांड्या आतून सोलवटल्या, आणि मागूनही आम्ही जाड जेलची सीट दिली नाही. एक स्टार दिलात, हरकत नाही. पण ‘जुन्या सीटच्या खुणेवरच घरी बसवली’ असंही तुम्हीच लिहिलंय, आणि दुखण्याचं मूळ बहुतेक तिथंच आहे.

एरोबारवर, म्हणजे हँडलला जोडलेल्या पुढच्या दांड्यांवर, कोपरं टेकली की कंबर पुढं कलते. वजन बसायच्या हाडांवरून सरकून त्यांच्या पुढच्या भागावर येतं आणि मधल्या नाजूक जागेतल्या नसा दबतात. म्हणून या सीटचं नाक मधून मोकळं ठेवलेलं असतं. बसायचं तिच्या पुढच्या दोन फाट्यांवर, मागच्या रुंद भागावर नाही. साध्या सीटचं नाक तुमच्या पुढंही थोडं उरतं, इथं ते उरत नाही. त्यामुळे ही सीट जुन्यापेक्षा 3 ते 5 सेंमी मागं घ्यावी लागते. जुन्या खुणेवर ठेवली तर तुम्ही फाट्यांच्या मागं, जिथं त्या रुंद होतात तिथं बसता. मांड्या घासणारच.

सायकल सपाट फरशीवर उभी करा. आधी सीट मागं घ्या, मग उंची बघा: पायडलच्या दांड्या जिथं फिरतात त्या क्रँकच्या मध्यापासून प्रत्यक्ष बसायच्या जागेपर्यंतचं अंतर जुन्या सीटइतकंच हवं. दोन सीटांची जाडी सारखी नसते, त्यामुळे सीटपोस्टवरची (सीटखालच्या दांड्यावरची) खूण इथं कामाची नाही. शेवटी फाट्यांवर मोबाइलचं लेव्हल ॲप ठेवून नाक 1 ते 2 अंश खाली झुकवा. त्याहून जास्त झुकवलं की शरीर पुढं घसरतं आणि सगळा भार खांद्यांवर येतो. सीट धरणाऱ्या क्लॅम्पचे बोल्ट त्यावर छापलेल्या टॉर्कइतकेच (आवळायच्या जोराइतकेच) आवळा. एवढं करूनही मांड्या घासल्या, तर दोन्ही फाट्या केबल टायनं किंचित जवळ ओढून बघा. आणि पुढं घसरणं थांबतच नसेल, तर सीटला हात न लावता एरोबारच्या पॅडखाली 10 मिमीचा स्पेसर (उंची वाढवणारा तुकडा) टाका.

जेलची सीट दुकानात होती. मुद्दाम दिली नाही. हाडं जेलमध्ये रुततात आणि मधला भाग वर फुगून नेमका नको तिथं टोचतो. बाजारापर्यंत जायच्या सायकलला ती उत्तम, 90 किमीच्या रेसला नाही. पुठ्ठ्यावर बसून हाडांची रुंदी मोजायची पद्धतही सरळ बसणाऱ्यांसाठी आहे. एरोत, म्हणजे एरोबारवर वाकून बसताना, तिचा फारसा उपयोग नाही.

तपासताना ट्राय-सूटच (ट्रायथलॉनच्या रेसचा पोशाख) घाला. सायकलिंगच्या बिब शॉर्ट्सच्या (खांद्यांवर पट्टे असलेल्या चड्डीच्या) जाड पॅडवर बरी वाटलेली सीट सूटच्या पातळ पॅडवर वेगळीच लागते, त्यात आपल्याकडच्या उन्हात पॅड घामानं भिजतो ते निराळंच. ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) एरोत 20-30 मिनिटं काढा. रस्त्यावर दर 10-15 मिनिटांनी काही सेकंद पायडलवर उभं राहा.

राइड संपल्यावरही बधिरपणा उतरत नसेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, सीटचं नंतर बघू. नाहीतर सायकल, सूट आणि जुनी सीट घेऊन दुकानात या. बसवून देण्याचे पैसे नाहीत. नीट बसवूनही त्रास राहिला, तर हीच सीट परत घेऊन अरुंद फाट्यांची देऊ. किमतीत फरक असेल तेवढाच द्या-घ्यायचा.