बुडबुडे थांबले म्हणजे बिअर झाली, असं नाही

संभाजीनगर-लातूरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: एअरलॉकमधले (बादलीच्या झाकणावरची, वायू बाहेर सोडणारी पाण्याची नळी) बुडबुडे थांबले आणि वरचा फेस बसला की बिअर झाली, आपल्याकडच्या उन्हात हे काम तीन दिवसांत उरकतं, खात्रीच करायची तर उसाच्या रसातली साखर मोजायचा ब्रिक्स मीटर लावा, शून्य दिसलं की बाटल्या भरा. यातल्या एकाही खुणेच्या भरवशावर बाटलीला बूच लावू नये.

आधी कायद्याचं, कारण मेसेजमध्ये त्याचा उल्लेखच नाही. परवान्याशिवाय बिअर बनवणं, अगदी घरच्या घरी असलं तरी, महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 खाली गुन्हा आहे. पुढचं सगळं परवानगी असलेल्यांसाठी, आणि घरगुती बिअरला मुभा असलेल्या देशांत राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी.

"बुडबुडे थांबले की झालं." एअरलॉकवरून वायू बाहेर पडतोय एवढंच कळतं, तो का पडतोय ते कळत नाही. बादलीच्या झाकणाचं रबर जरा तिरपं बसलं की वायू तिथूनच निसटतो. आत जोरात आंबत असतं आणि एअरलॉक गप्प. उलटंही होतं, आणि मराठवाड्यात तेच जास्त. गार बिअरमध्ये वायू जास्त विरघळून राहतो, ती तापली की तो सुटतो. 20 लिटर बिअर 20 अंशांवरून 30 वर गेली तर साधारण चार लिटर वायू बाहेर येतो, यीस्टने काहीही केलेलं नसताना. एप्रिलात भरदुपारी लाइट जाते, एसी बंद पडतो आणि चार दिवस शांत असलेला एअरलॉक पुन्हा बुडबुडायला लागतो. रात्री खोली गार झाली की त्यातलंच पाणी आत ओढलं जातं.

"फेस बसला की झालं." गव्हाच्या बिअरच्या काही यीस्टचा फेस आंबणं संपल्यावरही कित्येक दिवस तसाच राहतो. फेसावरून काही ठरवू नका.

"ब्रिक्स मीटर शून्य दाखवेल." कधीच दाखवणार नाही. हा मीटर प्रकाश किती वळतो त्यावरून साखर सांगतो. उसाच्या रसात अल्कोहोल नसतं, बिअरमध्ये असतं, आणि अल्कोहोलमुळेही प्रकाश वळतो. घनता (पाण्याची 1.000, साखर आंबते तशी बिअरची उतरत जाते) 1.050 पासून 1.010 पर्यंत उतरलेल्या बिअरमध्ये हा मीटर 6 च्या आसपासच थांबतो. ते 6 खरं धरलं तर घनता 1.024 निघते आणि चांगली झालेली बिअर अर्धवट वाटते. यीस्ट घालण्याआधी तो बिनधास्त वापरा, नंतर हायड्रोमीटरच, म्हणजे द्रवात तरंगून घनता दाखवणारं काचेचं मापक.

हायड्रोमीटरही नीट वापरावा लागतो. नळीत मावेल एवढा, साधारण 100 मिली नमुना घ्या. दोन पेल्यांत दहा-पंधरा वेळा ओताओत करून त्यातला वायू काढा, नाहीतर बुडबुडे काचेला चिकटून हायड्रोमीटर वर उचलतात. तो नळीत सोडून बोटांनी गरकन फिरवा, डोळा पातळीत आणून द्रवाच्या खालच्या कडेला आकडा वाचा. नमुना परत बादलीत ओतू नका.

आता तापमान, इथेच आपल्याकडे फसगत होते. हायड्रोमीटरच्या आतल्या कागदावर तो किती अंशांसाठी आहे ते छापलेलं असतं, बहुतेकदा 20. नमुना 35 अंशांचा असेल तर आकडा 0.004 ने कमी दिसतो: 1.012 वाचलं, पण खरं 1.016. हा फरक किरकोळ नाही. तेवढी साखर बाटलीत आंबली तर बिअरच्या आकारमानाच्या दुप्पट वायू जादा तयार होतो, तोही बाटलीत फेस यावा म्हणून 20 लिटरला घातलेल्या 120 ग्रॅम साखरेच्या वायूवर. अशी बाटली मे महिन्यात पत्र्याखाली फुटते आणि काचा उडतात. म्हणून नमुना 20 अंशांपर्यंत गार करूनच वाचा.

तीन दिवसांच्या अंतराने दोनदा तोच आकडा यायला हवा, आणि तो अपेक्षेच्या जवळ हवा. यीस्टच्या पाकिटावर 75 टक्के (1 च्या वरचा आकडा एवढा उतरतो) लिहिलं असेल तर 1.050 ची बिअर 1.012-1.013 ला थांबायला हवी.

"उन्हात तीन दिवसांत होते." आकडा लवकर उतरेलही. पण नेहमीच्या एल (बिअरचा एक प्रकार) यीस्टला 18 ते 22 अंश लागतात, आणि आंबताना बादली खोलीपेक्षा तीन-चार अंश जास्तच तापते. 32 च्या पुढे घशाला झोंबणारी, थिनरसारख्या वासाची बिअर हाती येते. बादली पाण्याच्या टोपात ठेवून तिच्याभोवती ओलं पोतं गुंडाळा. कोरड्या उन्हाळ्यात माठासारखा गारवा मिळतो, पावसाळ्यात फार नाही.

आकडा 1.022 ला अडला तर 200 मिली बिअर वेगळी काढा, त्यात चमचाभर कोरडं यीस्ट घाला आणि 25-28 अंशांवर दोन दिवस अधूनमधून हलवत ठेवा. ती 1.013 ला आली तर बादलीतलं यीस्ट दमलंय: बादली 22 अंशांवर आणा, ताजं यीस्ट द्या. तिथेही 1.022 च राहिलं तर आंबण्याजोगी साखर उरलेली नाही, मॅश (साखर काढायला गरम पाण्यात भिजवलेलं धान्य) जास्त तापला होता. ही बिअर थोडी गोडसर लागेल, पण बाटलीत भरता येईल.