नाशिकची निवडणूक कोरोनाने अडवली नव्हती

१५ जानेवारी २०२६ ला नाशिक महापालिकेचं मतदान झालं. २१ फेब्रुवारी २०१७ नंतर थेट तेव्हा, म्हणजे जवळजवळ नऊ वर्षांनी. इतका उशीर का झाला, याचं उत्तर म्हणून शहरातल्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कोरोनामुळे निवडणूक रखडली. साथीत एवढ्या मोठ्या शहराची निवडणूक घेणं कुणालाच शक्य नव्हतं आणि जगभर ती थांबवली गेली. घेतली असती तर मतदानाच्या रांगांमधून आणि यंत्रातून साथ पसरली असती आणि लोकही आले नसते. महापौर निवडायला सभागृह भरवता आलं नसतं. शेवटी प्रशासक होतेच, त्यामुळे काही अडलं नाही.

यातलं जवळपास प्रत्येक वाक्य तपासता येतं, आणि तपासल्यावर टिकत नाही.

"कोरोनामुळे निवडणूक रखडली"

संविधानाच्या अनुच्छेद २४३-यू प्रमाणे महापालिकेची मुदत पहिल्या सभेपासून पाच वर्षं असते, त्याहून जास्त नाही. पुढची निवडणूक ती मुदत संपण्याआधी पूर्ण व्हायला हवी. नाशिकची मुदत मार्च २०२२ च्या मध्यावर संपली. म्हणजे २०२० च्या टाळेबंदीत आपल्याकडे निवडणूक देयच नव्हती. एप्रिल २०२१ मध्ये झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची गळती होऊन वीसहून अधिक रुग्ण गेले. त्या भयंकर दिवसांतही नव्हती. त्या काळात ज्यांची निवडणूक खरोखर साथीने अडली ती शहरं वेगळी: नवी मुंबई, औरंगाबाद, वसई-विरार, कल्याण-डोंबिवली, कोल्हापूर. त्यांच्या मुदती २०२० मध्येच संपत होत्या.

नाशिकची मुदत संपली तेव्हा तिसरी लाट ओसरली होती. १ एप्रिल २०२२ पासून राज्याने कोरोनाचे सगळे निर्बंध उठवले. साथ हे कारण असतं, तर निवडणूक त्या उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यानंतर लगेच झाली असती.

मग अडलं कुठे? तारखा ओळीने पाहिल्या की दिसतं. ४ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने विकास किशनराव गवळी प्रकरणात ओबीसी आरक्षणासाठी तीन अटी घातल्या: स्वतंत्र आयोगाकडून अभ्यास, प्रत्येक संस्थेगणिक प्रमाण, आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत. ६ डिसेंबर २०२१ ला ओबीसींच्या २७ टक्के आरक्षणाला स्थगिती मिळाली. १ फेब्रुवारी २०२२ ला राज्य निवडणूक आयोगाने तीन सदस्यांच्या प्रभागांचा आराखडा जाहीर केला. मार्च २०२२ च्या सुरुवातीला राज्य मागासवर्ग आयोगाचा अंतरिम अहवाल न्यायालयाने नाकारला. लगेच विधिमंडळाने कायदा बदलून प्रभाग पाडण्याचा अधिकार निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतला. जुलैमध्ये ओबीसी आरक्षणाच्या अभ्यासासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल मान्य झाला आणि वाट मोकळी झाली असं वाटलं. पण ऑगस्टमध्ये नव्या सरकारने सदस्यसंख्या पुन्हा बदलली आणि न्यायालयाने 'जैसे थे' चा आदेश दिला. तो पेच ६ मे २०२५ च्या आदेशापर्यंत सुटला नाही. या यादीत विषाणू कुठेच नाही.

सदस्यसंख्येचं गणित नाशिककरांनी एकदा स्वतः करून पाहावं. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १४,८६,०५३. कायद्यानुसार पहिल्या १२ लाखांना ११५ जागा आणि पुढच्या दर ४० हजारांना एक. उरलेल्या २,८६,०५३ मध्ये ४० हजार सात वेळा बसतात, म्हणून ११५ अधिक ७, एकूण १२२. मधल्या दुरुस्तीत ११५ चा आकडा १२६ केला गेला, म्हणून त्या आराखड्यात १३३ जागा आल्या. मग दुरुस्ती मागे घेतली गेली आणि पुन्हा १२२. साथीचा हात फार तर इतकाच, की २०२१ ची जनगणना झाली नाही आणि वाढीव लोकसंख्येचा अंदाज बांधावा लागला. शेवटी तर तो अंदाजही बाजूला पडला. २०१७ मध्ये ३१ प्रभाग आणि १२२ जागा होत्या, २०२६ मध्येही तेवढ्याच. नाशिकच्या जागा पाहिल्या तर अनुसूचित जाती १८, जमाती ९ आणि ओबीसी ३३ मिळून ६० होतात, म्हणजे ४९ टक्क्यांच्या थोडं वर. ५० ची मर्यादा इथे मोडतच नव्हती. कमी होती ती पहिल्या दोन अटींची, म्हणजे अभ्यासाची आणि आकडेवारीची. ते काम साथीतही करता आलं असतं.

"साथीत निवडणूक शक्यच नव्हती"

आपल्याच जिल्ह्यात झाली. १५ जानेवारी २०२१ ला राज्यातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींसाठी मतदान ठेवलं होतं आणि त्यात नाशिक जिल्ह्यातली शेकडो गावं होती. देवळा तालुक्यातल्या उमराण्याची निवडणूक आयोगाने रद्द केली ती पदाचा लिलाव झाल्याच्या प्रकारामुळे, कोरोनामुळे नव्हे. डिसेंबर २०२१ मध्ये निफाड, दिंडोरी, कळवण, देवळा, पेठ, सुरगाणा या नगरपंचायतींचं मतदान झालं. राज्यभरात ज्या ओबीसी जागा न्यायालयाच्या आदेशाने खुल्या झाल्या, त्यांचं मतदान १८ जानेवारी २०२२ ला, तिसऱ्या लाटेच्या ऐन भरात पार पडलं.

गावं लहान असतात, शहराचं काय, असं कुणी विचारेल. हैदराबादने १ डिसेंबर २०२० ला १५० प्रभागांचं मतदान घेतलं, तेही कागदी मतपत्रिकांवर. तिथे एका प्रभागात, जुन्या मलकपेटमध्ये, फेरमतदान करावं लागलं, कारण मतपत्रिकेवर एका पक्षाऐवजी दुसऱ्याचंच चिन्ह छापलं गेलं होतं. अहमदाबाद, सुरत, वडोदरा, राजकोट, भावनगर, जामनगर यांचं मतदान २१ फेब्रुवारी २०२१ ला झालं, कोलकात्याचं १९ डिसेंबर २०२१ ला. ब्राझीलने देशभरातल्या महापौर आणि नगरसेवकांच्या निवडणुका ऑक्टोबर २०२० वरून नोव्हेंबरवर नेल्या. साओ पाउलोसारख्या अवाढव्य शहरातही तेव्हाच मतदान झालं. बोटाचा ठसा घेणं बंद ठेवलं आणि सकाळचे पहिले तीन तास साठीपुढच्यांना प्राधान्य दिलं.

पुढे ढकलण्याची उदाहरणंही आहेत, आणि ती लपवायची गरज नाही. लंडनच्या महापौरपदाची निवडणूक मे २०२० मध्ये होती. कायदा करून ती वर्षभर पुढे नेली आणि ६ मे २०२१ ला घेतली. गांधीनगर महापालिकेचं मतदान एप्रिल २०२१ मध्ये होणार होतं. दुसरी लाट चढताना ते थांबवलं आणि ३ ऑक्टोबरला उरकलं. साथीमुळे निवडणूक थांबते तेव्हा ती महिन्यांनी थांबते. किशनसिंग तोमर प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं होतं: आपत्ती हा अपवाद आहे, एरवी मुदत पाळलीच पाहिजे.

"रांगेतून आणि यंत्रातून साथ पसरली असती"

या मुद्द्यात तथ्य आहे, म्हणून तो नीट पाहायला हवा. धोका खरा होता, पण मजकुरात सांगितलाय तिथे तो सर्वात मोठा नव्हता.

आधी रांग. केंद्रीय निवडणूक आयोगाने ऑगस्ट २०२० मध्ये मतदान केंद्रामागे कमाल १५०० ऐवजी १००० मतदार ठरवले आणि बिहारची विधानसभा निवडणूक त्याच नियमाने पार पडली. नाशिकला हजारसुद्धा जास्त झाले असते, कारण आपल्या बहुतेक प्रभागांत मतदाराला एक नव्हे, चार मतं द्यायची असतात. हिशोब असा: सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच म्हणजे ६०० मिनिटं. हजार मतदारांपैकी ६० टक्के आले तर ६०० जण, प्रत्येकी एक मिनिट. चार याद्या वाचून चार बटणं दाबायला ते पुरत नाही, आणि दुपारनंतर रांग अंगावर येते. केंद्रामागे ८०० मतदार ठेवले तर ४८० जण, प्रत्येकी सव्वा मिनिट. दहा लाख मतदार धरले तर हजाराऐवजी साडेबाराशे केंद्रं लागतात. वाढीव अडीचशे केंद्रांना पाच-पाच माणसं, म्हणजे साडेबाराशे कर्मचारी जास्त. खर्च आहे, पण अशक्य काही नाही.

खोळंबा हमखास कुठे होतो हे मतदान केंद्रावर काम केलेल्या कुणालाही माहीत असतं. मतदार एक-दोन बटणं दाबून निघतो. चारही मतं पडल्याशिवाय शेवटचा लांब आवाज येत नाही, यंत्र पुढच्यासाठी मोकळं होत नाही. मग अधिकारी त्याला परत बोलावतो, समजावायला कक्षाजवळ जातो आणि अंतर तिथेच मोडतं. उपाय साधा: रांगेच्या सुरुवातीला नमुना यंत्राचं मोठं चित्र, अ-पांढरा, ब-गुलाबी, क-पिवळा, ड-निळा असे चारही रंग दाखवून, आणि तिथे समजावणारा एक माणूस.

बटणाचा स्पर्श हातमोज्याने किंवा सॅनिटायझरने सुटतो, पण क्रम चुकला की नुकसान होतं. हात आधी चोळायचे, पूर्ण वाळू द्यायचे, मग सही, मग बोटाला खूण, मग मत. ओल्या बोटावर खूण धरत नाही, आणि खुणेनंतर लगेच सॅनिटायझर लावलं तर ती फिकटते. महापालिकांसाठी तेव्हा, २०११ पासून, मार्कर वापरत. तो नखावर आणि त्याच्या वरच्या कातडीवर तीन-चार वेळा घासून, सुकेपर्यंत मतदाराला थांबवायला हवं. हातमोजा उजव्या हाताला, कारण खूण डाव्या तर्जनीवर. वापरलेल्या मोज्यांची पेटी बाहेर पडायच्या दारात ठेवायची. यंत्रावर फवारा कधीच मारायचा नाही. जेमतेम ओलसर कापडाने पुसायचं, नाहीतर बटणाच्या फटीत पाणी उतरतं.

तापमान मोजताना उन्हात उभा असलेला निरोगी माणूसही तापलेला दिसतो. म्हणून सावलीत थांबवून पुन्हा मोजायचं. दुसऱ्यांदाही जास्त आलं तर चिठ्ठी देऊन शेवटच्या तासाला बोलवायचं, परत पाठवायचं नाही. बाधितांनाही तोच तास. केरळने डिसेंबर २०२० च्या स्थानिक निवडणुकीत बाधितांच्या घरी अधिकारी पाठवून टपाली मत घेतलं.

खरा धोका मतदानाच्या आधी आणि नंतर असतो: सभा, प्रशिक्षण, साहित्यवाटप, मतमोजणी. २०२१ च्या उत्तर प्रदेशातल्या पंचायत निवडणुकीनंतर शिक्षक संघटनेने १,६२१ सहकाऱ्यांच्या मृत्यूची यादी दिली. सरकारने तो आकडा मानला नाही, पण त्या घरांचं दुःख कुठल्याही आकड्याने कमी होत नाही. दुसऱ्या लाटेत निवडणूक नको होती, यात वाद नाही. शिकायचं ते हे, की आधी कर्मचाऱ्यांना वाचवायला हवं. नाशिकमध्ये पंचवटी, पूर्व, पश्चिम, नाशिक रोड, सिडको आणि सातपूर अशा सहा विभागीय कार्यालयांतून, प्रत्येक प्रभागाला वेगळी वेळ देऊन साहित्य वाटता येतं. मोजणीच्या दालनात सातच टेबलं ठेवायची. निकालाला रात्र झाली तरी चालेल.

प्रचाराचा एक बारकावा आपल्याकडचाच. साथीत घरोघरी प्रचाराला पाच जणांची मर्यादा होती, ती उमेदवारामागे. एकाच पक्षाच्या चार उमेदवारांचं पॅनल एकत्र फिरलं की दारात वीस माणसं होतात, आणि नियम कागदावर पाळलेला दिसतो. मर्यादा पॅनलला लावली तरच तिला अर्थ आहे.

"लोक मतदानाला आले नसते"

बिहारमध्ये २०१५ पेक्षा किंचित जास्त मतदान झालं. हैदराबादमध्ये २०१६ ला ४५ टक्के होतं, २०२० ला ४६ च्या वर गेलं. केरळमध्ये तीन-चतुर्थांश मतदार आले. साओ पाउलो आणि लंडनमध्ये घटलं. लंडनमध्ये ४५ वरून ४२ टक्क्यांवर. तिथे इतकाच फरक.

"महापौर निवडता आला नसता"

आपल्याकडे महापौर थेट जनता निवडत नाही, नगरसेवक अडीच वर्षांसाठी निवडतात. साथीत ही निवड दूरचित्र संवादाने झाली, आणि तीही दूर कुठे नाही. १८ मार्च २०२१ ला जळगावच्या नगरसेवकांनी ऑनलाइन सभेत महापौर निवडला. ४५ विरुद्ध ३० मतांनी सत्ता पालटली. त्याआधी फेब्रुवारीत सांगलीतही तसंच झालं.

"प्रशासक होते, काही अडलं नाही"

रस्ते झाले, पाणी आलं, हे खरं. पण महापालिकेत आयुक्त प्रस्ताव मांडतात, १६ जणांची स्थायी समिती खर्च तपासते, मंजूर करते किंवा परत पाठवते, आणि अंदाजपत्रक महासभेपुढे जातं. प्रशासकाच्या काळात मांडणारा आणि मंजूर करणारा एकच अधिकारी असतो. परत पाठवणारं कुणी नसतं. मार्च २०२२ ते जानेवारी २०२६, म्हणजे तीन वर्षं दहा महिने नाशिकची अंदाजपत्रकं अशीच मंजूर झाली. सिंहस्थाची तयारी याच काळात सुरू झाली. कुठला रस्ता रुंद होणार, कुणाची जागा जाणार, या प्रश्नांवर सभागृहात उभं राहून बोलणारा एकही निवडून आलेला माणूस शहराकडे नव्हता.