स्पॅगेटी रॅकेट म्हणजे चीटिंग नव्हती, आणि टेनिसने विचित्र रॅकेट बंद पण केल्या नाहीत

तो मेसेज परत फिरायला लागलाय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: १९७७ मध्ये एका जर्मन माळ्याने नियम मोडून ‘स्पॅगेटी रॅकेट’ (तारांवर प्लास्टिकच्या नळ्या चढवलेली) बनवली, ती हातात आली की कोणीही सोम्यागोम्या चॅम्पियनला लोळवायचा, अर्जेंटिनाचा ग्रेट खेळाडू गिलेर्मो विलास अशाच चीटिंगला बळी पडला म्हणून रातोरात बंदी आली, ती ट्रिक कायमची संपली, आणि तेव्हापासून टेनिसमध्ये विचित्र रॅकेट चालत नाहीत, सगळे प्रो दुकानात मिळते तीच रॅकेट घेऊन खेळतात.

ही रॅकेट गाजली ते वर्ष बरोबर आहे, विलासचं नाव बरोबर आहे, बंदी आली हेही खरं. बाकी जवळपास सगळं चूक आहे, आणि चुकीच्या भागातच खरी गंमत आहे म्हणून एवढं लिहितोय.

‘नियम मोडून बनवली’

कुठला नियम? १९७८ पर्यंत टेनिसमध्ये रॅकेटबद्दल नियमच नव्हता. कोर्टाची मापं होती, नेट मध्यभागी तीन फूट पाहिजे हे होतं, बॉल किती वजनाचा आणि किती उसळायला पाहिजे हे होतं, पण रॅकेट कशाची असावी, केवढी असावी, तारा कशा असाव्यात, एक अक्षर नाही. लाकडाचीच वापरायची ही फक्त सवय होती. त्यामुळे व्हेर्नर फिशर या बव्हेरियातल्या बागायतीच्या माणसाने सत्तरच्या दशकात जे केलं त्याला चीटिंग म्हणणं हा सरळ त्याच्यावर अन्याय आहे, त्याने नसलेला नियम कसा मोडला?

आणि तो पहिला पण नव्हता. फ्रान्सचा जुना चॅम्पियन रेने लाकोस्त (हो, तोच मगरीच्या शर्टवाला) त्याने स्टीलची रॅकेट डिझाइन केली, तीच १९६७ मध्ये अमेरिकेत विल्सन टी-२००० म्हणून आली. ही रॅकेट जवळून बघितली तर आजही विचित्र वाटते. स्टीलच्या नळीची फ्रेम, तिला तार ओवायला भोकंच नाहीत, त्याऐवजी फ्रेमभोवती एक बारीक वायर गुंडाळत नेलेली, तिचे छोटे छोटे फास आतल्या बाजूला आलेले आणि गटिंगच्या (म्हणजे बॉल मारायच्या जाळीच्या) तारा त्या फासांतून ओवलेल्या. गटिंग करणाऱ्याचा जीव जायचा. बहुतेक खेळाडूंना ती झेपली नाही, बॉल कुठे जाईल सांगता यायचं नाही म्हणायचे, पण जिमी कॉनर्सने १९७४ चं विम्बल्डन तिच्यावर जिंकलं आणि १९८२ चं पण तिच्यावरच. तेव्हा कोणी चीटिंग म्हटलं नाही.

‘कोणीही चॅम्पियनला हरवायचा’

हा मुद्दा सगळ्यात जास्त शेअर होतो आणि तपासायला सगळ्यात सोपा आहे.

माइक फिशबाख म्हणून एक अमेरिकन खेळाडू, रँकिंग दोनशेच्या आसपास. त्याने युरोपात बॅरी फिलिप्स-मूर या ऑस्ट्रेलियनच्या हातात ही रॅकेट बघितली, विकत काही मिळाली नाही, मग भावाला घेऊन स्वतःच बसून तसं गटिंग करून घेतलं. ती घेऊन १९७७ ची यूएस ओपन खेळला, बिली मार्टिनला हरवलं, मग स्टॅन स्मिथला ६-०, ६-२. स्मिथ म्हणजे विम्बल्डन आणि यूएस ओपन दोन्ही जिंकलेला माणूस. इथपर्यंत मेसेजमध्ये असतं. पुढचं नसतं. पुढच्याच राउंडला इंग्लंडचा जॉन फीव्हर साधी रॅकेट घेऊन आला आणि त्याने फिशबाखला घरी पाठवलं. म्हणजे रॅकेट जादूची असती तर फीव्हरपाशी जादू का थांबली? समोरचा गोंधळायचा हे खरं, पहिल्यांदा बघणारा तर फारच, पण डोकं शांत ठेवून खेळणाऱ्याला उत्तर सापडत होतं.

आणि विलासला हरवणारा ‘कोणीही’ नव्हता हो. तो इली नस्तासे होता! १९७२ ची यूएस ओपन, १९७३ ची फ्रेंच ओपन, आणि १९७३ मध्ये कॉम्प्युटर रँकिंग सुरू झालं तेव्हाचा पहिला नंबर वन. मेसेजमध्ये नस्तासेचं नाव नसतं, कारण ते घातलं की ‘सोम्यागोम्या’ची गोष्टच उभी राहत नाही. गंमत बघा, त्याच्या थोडंच आधी नस्तासे स्वतः या रॅकेटसमोर जॉर्ज गोव्हाँ या फ्रेंच खेळाडूकडून हरला होता, भयंकर चिडला होता, आणि मग स्वतःच ती घेऊन फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हान्सच्या टूर्नामेंटला उतरला.

‘विलास हरला म्हणून रातोरात बंदी’

तिथल्या फायनलमध्ये विलास शेवटपर्यंत खेळून हरला नाही, त्याने मॅच सोडली. पाच सेटची मॅच, पहिले दोन सेट १-६, ५-७ गेले आणि तो वैतागून निघून गेला. त्याची सलग ४६ मॅचेसची मालिका तिथे तुटली, नुसती क्ले (मातीच्या) कोर्टवरची मोजली तर ५३, जो रेकॉर्ड पुढे २००६ मध्ये नदालने मोडला. विलासचा राग मला समजतो. त्या वर्षी फ्रेंच आणि यूएस ओपन दोन्ही त्याची होती, आणि क्लेवर बॉल किती उसळणार हे ज्याला झोपेत सांगता यायचं त्याला अचानक काहीच सांगता येईना.

पण ‘रातोरात’ नाही. ही रॅकेट आधी बव्हेरियातल्या स्थानिक लीगमध्ये खेळली जात होती, मग १९७७ च्या उन्हाळ्यात टूरवर (म्हणजे प्रो स्पर्धांमध्ये) आली, यूएस ओपनपासून तक्रारींचा पाऊस चालूच होता. ऑक्टोबर १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिस फेडरेशनने तात्पुरती बंदी घातली आणि १९७८ मध्ये रॅकेटची व्याख्याच नियमात लिहिली. विलासची मॅच ही शेवटची काडी होती, एकटं कारण नव्हे.

आता बंदी नेमकी कशावर, हे नीट समजून घ्या कारण सगळा घोळ इथेच होतो. नेहमीच्या रॅकेटमध्ये उभ्या आणि आडव्या तारा बाजेच्या विणीसारख्या एकीखालून एक, एकीवरून एक जातात. फिशरच्या रॅकेटमध्ये विणच नव्हती. उभ्या तारांचे दोन थर, एक पुढे एक मागे, त्यांच्या मध्ये मोजक्याच पाच-सहा आडव्या तारा, आणि उभ्या तारांवर प्लास्टिकच्या बारीक नळ्या चढवलेल्या, त्या नळ्यांमुळे नाव स्पॅगेटी. बॉलला खालून वर घासून मारलं की उभ्या तारा सगळ्या मिळून बाजूला सरकायच्या आणि बॉल अजून रॅकेटवर असतानाच झटकन परत जागेवर यायच्या, येताना बॉलला गरकन फिरवून द्यायच्या. बॉल तारांवर असतो किती वेळ, जेमतेम पाच मिलिसेकंद, तेवढ्यात हे सगळं. त्यातून जो टॉपस्पिन (बॉलची पुढच्या दिशेने फिरकी) यायचा तो तेव्हा कोणी बघितलाच नव्हता, बॉल उंच जायचा, अचानक खाली पडायचा आणि पडून भलतीकडेच उसळायचा. शिवाय आवाज नाही. नेहमीचा टणक ‘टॉक’ येतो त्यावरून समोरचा अर्धा अंदाज बांधतो, इथे नुसता मऊ दबका आवाज.

म्हणून नियमात जे आलं ते तारांबद्दल होतं: तारांची रचना साधारण एकसारखी हवी, त्या फ्रेमला जोडलेल्या हव्यात आणि जिथे एकमेकींना छेदतात तिथे आलटूनपालटून विणलेल्या किंवा चिकटवलेल्या हव्यात. बास. विचित्र दिसण्यावर बंदी नव्हतीच, तारांच्या वागण्यावर होती. माझ्या मते हा निर्णय योग्य होता, कारण प्रत्येक शॉटमध्ये एवढा स्पिन फुकट मिळाला तर मनगटाने स्पिन काढायची कला शिकायचं कोणाला कारणच उरलं नसतं. पण योग्य निर्णय वेगळा आणि चीटिंगचा आरोप वेगळा.

‘तेव्हापासून विचित्र रॅकेट चालत नाहीत’

ज्या १९७८ मध्ये हा नियम झाला त्याच वर्षी यूएस ओपनमध्ये पॅम श्रायव्हर नावाची १६ वर्षांची मुलगी परातीएवढी रॅकेट घेऊन फायनलला पोचली, सेमीत मार्टिना नवरातिलोव्हाला हरवून! ती प्रिन्स कंपनीची मोठी रॅकेट, डोक्याचं (तारांच्या भागाचं) क्षेत्रफळ ११० चौरस इंच, जेव्हा लाकडी रॅकेट ६५-७० च्या असायच्या. बनवणारा हॉवर्ड हेड, स्कीच्या धंद्यात पैसा कमावलेला इंजिनियर, रिटायर होऊन टेनिस शिकायला लागला तर बॉल मधोमध बसेना आणि रॅकेट हातात फिरे. त्याने विचार केला की डोकं रुंद केलं तर फ्रेमचं वजन मध्यापासून लांब जाईल आणि रॅकेट सहज पिळणार नाही. लोक खूप हसले. फायनलला श्रायव्हर क्रिस एव्हर्टकडून हरली पण हसणं तिथे थांबलं, आणि आज १०० चौरस इंचाची रॅकेट नॉर्मल धरली जाते.

मायकेल चँग घ्या. उंची १७५ सेंटिमीटर, सर्व्हिस कमजोर, त्याने नव्वदच्या दशकात नेहमीपेक्षा एक इंच लांब, २८ इंची रॅकेट घेतली आणि सर्व्हिस सुधारली, मग सगळ्या कंपन्या लांब रॅकेट काढायला लागल्या. इथे नियम आला, पण तो पण बंदीचा नाही, मर्यादेचा: आधी ३२ इंचापर्यंत चालायचं, १९९७ पासून प्रो टेनिसला २९ इंच. चँगची २८ ची त्यात आरामात बसते.

आणि सगळ्यात भारी उदाहरण बॅटिस्टोन भाऊ, अमेरिकेचे ब्रायन आणि डॅन. यांच्या रॅकेटला दोन हँडल! फ्रेममधून इंग्रजी व्ही सारख्या दोन मुठी निघतात, म्हणजे उजव्या हाताने पण फोरहँड आणि डाव्या हाताने पण फोरहँड, बॅकहँड नावाचा प्रकारच नको. त्यात ब्रायन सर्व्हिस करायचा ती व्हॉलीबॉलसारखी, बॉल पुढे उंच टाकून पळत येऊन उडी मारून. २०१० च्या आसपास प्रो टूरवर डबल्स खेळले हे, आणि रॅकेट पूर्ण कायदेशीर. तारा नीट विणलेल्या, मापं मर्यादेत, हँडल एकच पाहिजे असं नियमात कुठे लिहिलंय? यूट्यूबवर एकदा बघाच.

‘सगळे प्रो दुकानातलीच रॅकेट वापरतात’

हे लवकर आटपतो. पीट सॅम्प्रस शेवटपर्यंत ८५ चौरस इंचाच्या चिमुकल्या रॅकेटने खेळला, तिच्यावर शिशाच्या पट्ट्या चिकटवून वजन वाढवलेलं आणि गटिंग इतकं टाइट की आपल्या क्लबमधल्या माणसाचं कोपर एका आठवड्यात जाईल. बियॉर्न बोर्ग तर लाकडी फ्रेमवर ८० पौंडांच्या आसपास ताण द्यायचा. फेडरर २०१३ पर्यंत ९० चौरस इंचावर होता, २०१४ ला ९७ वर गेला. शिवाय कित्येक प्रो जुनंच मॉडेल वापरतात आणि कंपनी त्यावर नवीन मॉडेलचा रंग मारून देते, टूरवर त्याला पेंट जॉब म्हणतात. जाहिरात बघून तीच रॅकेट पोराला घेऊन देणाऱ्या आईबापांना हे कोणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, वीस-बावीस हजार जातात.

‘ती ट्रिक कायमची संपली’

आणि हा तो मुद्दा ज्यासाठी मी इतकं टायपिंग केलं. संपली नाही! १९९७ च्या फ्रेंच ओपनला गुस्ताव्हो कुएर्तेन नावाचा ब्राझीलचा पोरगा, रँकिंग ६६, त्याआधी टूरवरची एकही टायटल नाही, सरळ ट्रॉफी घेऊन गेला. त्याच्या रॅकेटमध्ये लक्सिलॉन या बेल्जियन कंपनीच्या पॉलिएस्टरच्या तारा होत्या. नॅचरल गट (जनावराच्या आतड्याच्या) किंवा नायलॉनच्या तारा शॉट मारला की सरकतात आणि तिथेच अडकून राहतात. पॉलिएस्टर कडक आणि गुळगुळीत, त्यामुळे विणलेल्या असूनसुद्धा उभ्या तारा आडव्यांवरून घसरतात आणि बॉल सुटायच्या आत परत जागेवर येतात. ओळखीचं वाटतंय ना? फिशरच्या रॅकेटमध्ये जे नळ्या करायच्या तेच इथे तारेचं मटेरियल करतं, परिणाम तेवढा टोकाचा नाही पण तत्त्व तेच, आणि नियम पाळून, कारण नियमात विण मागितलीय आणि विण आहे. आज टूरवर बहुतेक सगळ्यांच्या रॅकेटमध्ये निदान अर्ध्या तारा तरी पॉलिएस्टरच्या असतात, नदालचा तो खांद्याच्या वर उसळणारा फोरहँड याच तारांवरचा.

घरी बसून खात्री करायची असेल तर ऐंशीच्या दशकातली कुठलीही मॅच लावा, पॉइंट संपला की खेळाडू बोटांनी तारा सरळ करत बसलेला दिसेल, कारण त्या खरोखर वाकड्या झालेल्या असायच्या. आजच्या मॅचमध्ये पॉलिएस्टरवाल्याच्या तारा क्लोजअपमध्ये बघा, एवढा जोरात मारून पण बऱ्याचदा सरळच असतात. तो मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर पाठवा, फक्त ‘चीटिंग’ काढा आणि नस्तासे आणि फीव्हरचं नाव घाला.