म्हणे मत वाया!

अमेरिकेत लिबर्टेरियन पक्षाच्या (सरकारी हस्तक्षेप कमीत कमी हवा म्हणणारा छोटा तिसरा पक्ष) उमेदवाराला मत म्हटलं की तीच रेकॉर्ड: "म्हणजे समोरच्यालाच निवडून देणार!" अहो, 2016 च्या अध्यक्षीय निवडणुकीत कॅलिफोर्नियात डेमोक्रॅट हिलरी क्लिंटनबाई 40 लाखांहून जास्त मतांनी पुढे होत्या. तिथं लिबर्टेरियन उमेदवार गॅरी जॉन्सनला मत दिल्यानं कोणाचं काय बिघडलं? उलट देशभरात 5 टक्के पडले असते तर पुढच्या निवडणुकीला पक्षाला सरकारी निधी मिळाला असता. पडले सव्वातीन. वर "तुमचा माणूस दिसतच नाही" हे आहेच. दिसेल कसा? अध्यक्षीय डिबेटच्या मंचावर यायला पाच राष्ट्रीय जनमत पाहण्यांत सरासरी 15 टक्के लागत होते! आणि न्यूयॉर्क राज्यात 2020 पासून नुसतं मतपत्रिकेवर यायला सहा आठवड्यांत मतदारांच्या 45,000 सह्या. मतदार यादीशी जुळली नाही की सही बाद, म्हणून दीडपट गोळा करा. खर्च? आपल्याच खिशातून.