माझी लंबवर्तुळाकार कंबर

माझ्या नव्या स्कर्टच्या कापडावर, तेही नेमके सुलट बाजूला, निळ्या बॉलपेनने काढलेले एक लंबवर्तुळ आहे. शिवणाच्या खडूची रेघ झटकली की जाते. बॉलपेनच्या शाईला स्पिरिट लावले तर ती फिकट होते आणि त्याच वेळी पसरतेही, त्यामुळे कालपेक्षा आज ते लंबवर्तुळ थोडे मोठे आणि थोडे धूसर दिसते आहे. हा माझ्या कमरेचा आडवा छेद असल्याचे मला सांगण्यात आले आहे.

स्वतःचे स्कर्ट स्वतः शिवावेत असे मला वाटू लागले ते कलेच्या ओढीने नव्हे, वैतागाने. तयार स्कर्ट कमरेला बसला तर खाली अडतो, खाली बसला तर कमरेला मूठभर सैल होतो, आणि खिसा बहुधा नसतोच. दिसलाच तर तो नुसते तोंड दाखवून शिवून टाकलेला असतो. नवशिक्याने आधी सरळ कापडाला चुण्या घालून, नेफ्यात इलॅस्टिक ओवून सुरुवात करावी हा सर्वमान्य सल्ला मी मानला होता, आणि तसा एक स्कर्ट अंगावर टिकल्यानंतरच पूर्ण गोल घेराकडे वळले होते. कमरेचे माप 76 सेंटिमीटर, त्याला 2π ने भागले की त्रिज्या 12.1 सेंटिमीटर, त्यातून शिलाईसाठी दीड सेंटिमीटर वजा. कापडाची चौघडी घालून कोपऱ्यातून तेवढ्या अंतरावर पाव वर्तुळाची रेघ मी खडूने आखलीही होती. राहिली होती ती कात्री.

कात्री उचलण्याआधी एका चिंधीवर टीप मारून पाहावी म्हणून मी मशीन सुरू केले, आणि खालच्या मजल्यावरचे काका वर आले.

आवाजाची तक्रार न्याय्य होती, हे मी मान्य करते. शिलाई मशीन टेबलावर चालते आणि खालच्या घराच्या छतात ऐकू येते. फ्रान्समध्ये बार्थेलेमी तिमोनिए याने 1830 साली शिवणयंत्राचे पेटंट घेतले आणि पुढच्याच वर्षी संतापलेल्या शिंप्यांनी त्याचा कारखाना फोडला. इतिहास त्याचे कारण पोटावर पाय येण्याची भीती असे देतो, आणि ते खरेच आहे. तरी त्या जमावात एखादा तरी शेजारी असणार, असे मला आता राहून राहून वाटते. आमचे काका मात्र काही फोडणाऱ्यांतले नाहीत. ते निवृत्त स्थापत्य अभियंता आहेत, त्यांची हयात पूल बांधण्यात गेली, आणि तेव्हापासून त्यांना पूल मिळालेला नाही.

“पडदे का?” त्यांनी दारातूनच विचारले.

“स्कर्ट.”

“पडदे सोपे असतात,” असे म्हणून ते आत आले आणि चौघडी घातलेल्या कापडाभोवती, जागेची पाहणी करावी तसे, एक पूर्ण प्रदक्षिणा घालून थांबले. “कंबर किती?”

हा प्रश्न एखाद्या परक्या गृहस्थाने विचारावा आणि आपण शांतपणे उत्तर द्यावे, असे घडत नाही. पण तुळईवर भार किती असे विचारण्याचा तो सूर होता, म्हणून मी माप सांगून टाकले. त्यांनी शर्टाच्या खिशातून छोटी वही काढली, त्याच खिशातल्या तीन पेनांतून एक निवडले, आणि माझी त्रिज्या दोनदा तपासली. ती बरोबर निघाली तेव्हा त्यांचा चेहरा पडला. क्षणभरच.

“आकडा ठीक आहे, पण मूळ गृहीतकच चुकीचे आहे. कंबर वर्तुळ असते असे तुम्हाला कोणी सांगितले?”

मला कोणीच सांगितले नव्हते.

“माणूस पुढून रुंद आणि बाजूने चपटा असतो. कंबर हे लंबवर्तुळ आहे. आता लंबवर्तुळाच्या परिघाला वर्तुळासारखे साधे नेमके सूत्र नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. रामानुजन यांनी 1914 साली जवळपासचे सूत्र दिले, ते फार सुंदर आहे, थांबा, आकृतीच काढतो.”

वही लहान होती आणि कापड मोठे होते. मी “काका, खडू,” एवढे म्हणेपर्यंत दीर्घ अक्ष काढून झाला होता, आणि “काका!” असे ओरडले तेव्हा लघु अक्षही. कापड उलट बाजू वर येईल असे पसरून आखायचे असते, ते मी पसरलेही होते. काकांनी मात्र जागा कमी पडते म्हणून वरचा पदर उलटून घेतला आणि सुलट, कोऱ्या, फिक्या पिवळ्या रंगावर माझा छेद रेखाटला.

मी शक्य तितक्या सौम्यपणे समजावण्याचा प्रयत्न केला. टेपने मोजलेले माप हाच परीघ असतो, तो सूत्राने पुन्हा काढावा लागत नाही. आणि कापड मऊ असल्याने गोल कापलेली कड कमरेवर चढली की कमरेचाच आकार घेते, मग ती कंबर लंबवर्तुळाकार असो की चौकोनी. काकांनी हे सर्व ऐकून घेतले आणि पूल तसा आकार घेत नाही, असे सांगितले.

यानंतर त्यांनी खालच्या कडेचा विषय काढला आणि दुर्दैवाने तिथे ते बरोबर होते. स्कर्टची लांबी 60 सेंटिमीटर धरली तर खालचा घेर सुमारे साडेचार मीटर भरतो, हे मला ठाऊक होते. पण 2 सेंटिमीटरची दुमड घातली तर कापलेली कड जिथे बसवायची त्या वर्तुळापेक्षा 25 सेंटिमीटर लांब ठरते आणि ते जास्तीचे कापड चुण्या होऊन वर येते, शिवाय हा 25 चा आकडा स्कर्ट केवढाही असला तरी बदलत नाही, हे त्यांनी उभ्या उभ्या सिद्ध करून दाखवले. म्हणून गोल घेराला अगदी बारीक दुमड घालतात किंवा उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी कापलेली, पट्टी लावतात. उरेबावरूनच सांगायचे तर गोल स्कर्टचा काही भाग उभ्या धाग्यात आणि काही उरेब येतो, तो उरेब भाग आपल्याच वजनाने लोंबून वाढतो, त्यामुळे शिवलेला स्कर्ट निदान एक रात्र टांगून ठेवून मगच खालची कड सारखी करायची असते. हे मी काकांना सांगितले. त्यांनी ते वहीत लिहून घेतले आणि पुढच्याच वाक्यात मला परत समजावून सांगितले.

मशीनचीही एक खोड मी त्यांना दाखवणार होते: टाक्यांचा गुंता कापडाच्या खाली दिसतो, म्हणून सगळे बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला, दोष देतात, आणि दोष बहुतेक वेळा वरचा दोरा नीट ओवला नसल्याचा असतो. पण तेवढ्यात त्यांचे लक्ष बाजूला कापून ठेवलेल्या दोन जोड्यांकडे गेले.

“आणि हे काय?”

“खिसे.”

“स्कर्टला खिसा कशाला? तुमच्याकडे पर्स असते ना.”

या वाक्यावर मला हसता आले नाही, अजूनही येत नाही. हे बोलणाऱ्या माणसाच्या अंगावर त्या क्षणी शर्टाचा एक आणि पँटचे चार असे पाच खिसे होते, ते कोणत्या शिंप्याकडे त्यांना मागावे लागले नव्हते, त्यांची गरज काय हे कोणाला पटवावे लागले नव्हते. खिसा म्हणजे हाताच्या पंजाएवढ्या कापडाचे दोन तुकडे आणि बाजूच्या शिवणीत एक वळणदार टीप. नवशिक्या बाईला दुपारभरात जमते ते कपड्यांच्या कारखान्यांना जमत नाही, असे मला कोणी सांगू नये. वर आपण पर्स विकत घ्यायची, ती एका खांद्यावर वाहायची, आणि किल्ली शोधताना दारात उभे राहून ती उपसायची. काका मात्र किल्ली खिशातून काढतात, बोटात फिरवतात आणि विचारतात, खिसा कशाला.

स्कर्ट झाला आहे. कमरेची कड ताणू नये म्हणून आधी तिच्यावर एक टीप, मग चेन, मग पट्टा, हे सगळे यथासांग पार पडले. लंबवर्तुळ मागच्या बाजूला, डाव्या गुडघ्याच्या मागे आले आहे, आणि शेजारणी ते नक्षीकाम समजून कुठून करून घेतले म्हणून विचारतात. काकांनी इमारतीत सर्वांना सांगितले आहे की गणित त्यांचे आहे.

काल ते पुन्हा आले, घडी घातलेली पँट हातात घेऊन. खिशाचे अस्तर आतून फाटले होते, किल्ल्या थेट बुटात पडत होत्या, आणि खिशाशिवाय माणसाने बाहेर पडायचे तरी कसे, असे ते अगदी काकुळतीने म्हणाले. मी पँट ठेवून घेतली. मात्र खिशाची पिशवी धड वर्तुळ नसते आणि धड लंबवर्तुळही नसते, तेव्हा तिचा परीघ नेमका निघाल्याशिवाय मी कात्री लावू शकत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांना ते तत्काळ पटले. खाली सध्या आकडेमोड चालू आहे.