‘वऱ्हाड-३’ सापडत नाही: दोन ताऱ्यांच्या तक्रारीवर दुकानदाराचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही आमच्या दुकानाला दोन तारे देऊन लिहिलंत की नियतकालिकाच्या बत्तीस लेखांच्या एक्सएमएल फाइली (मजकुराच्या प्रत्येक भागाला मशीनला कळेल अशी खूण लावलेल्या) नऊ दिवस उशिरा आल्या, संदर्भांच्या नावांना ताळतंत्र नाही, लेखातला उल्लेख यादीतल्या संदर्भाशी जोडायला कुठे ‘आरआयडी’ तर कुठे ‘लिंकएंड’, मशीनच्या तपासणीत सव्वीस चुका निघाल्या, आणि ‘खेड्यातल्या दुकानात काम दिलं की असंच व्हायचं’. तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल माफी मागतो. फाइली पाठवण्याआधी आम्ही तपासणी पूर्ण चालवायला हवी होती. ती अर्धवट चालवली, हे कबूल.

पण सव्वीसचा आकडा तुम्ही चारचौघांत टांगला आहे, तर त्याचा हिशोबही चारचौघांतच द्यावा लागेल.

सव्वीसपैकी नऊ चुका निखालस आमच्या. संदर्भाच्या नावातल्या इंग्रजी ‘बिब’चा बी संदर्भयादीत कॅपिटल पडला आणि लेखात स्मॉल. आपण वाचताना एकच वाचतो, एक्सएमएलला ती दोन निराळी नावं. यावर बोलण्यासारखं काही नाही, त्या दुरुस्त केल्या.

उरल्या सतरा. त्या सगळ्या ‘वऱ्हाड-१’ ते ‘वऱ्हाड-६’ या सहा संदर्भांच्या आहेत. वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. जॅट्स या नियतकालिकांच्या लेखांसाठीच्या स्कीमात, म्हणजे खुणांच्या ठरलेल्या नियमावलीत, यादीतल्या प्रत्येक संदर्भाला एक आयडी असतो, आणि लेखात त्याचा उल्लेख आला की तिथे ‘आरआयडी’ या ॲट्रिब्यूटमध्ये (खुणेतल्या रकान्यात) तेच नाव जसंच्या तसं लिहायचं असतं. नाव जुळलं नाही की तपासणी म्हणते, असा आयडी या फाइलीत नाहीच. मी कामाच्या पहिल्याच दिवशी मेल केला होता की नावं साधी ठेवू, बी१, बी२, बी३, सरळ क्रमाने. तुमचं उत्तर आलं, ‘नियतकालिक मराठी आहे, नावंही मराठीच हवीत.’ बरं. त्यात गैर काही नाही, एक्सएमएलच्या नावांत देवनागरी अक्षरं चालतात. मग तुम्ही नावांची यादी पाठवली. ती तुमच्याकडे इनस्क्रिप्ट कळफलकावर टाइप झाली होती, आणि त्यात ‘ऱ’ची स्वतंत्र कळ असते. आमच्याकडची मुलगी फोनेटिकवर, म्हणजे इंग्रजी अक्षरांतून उच्चाराप्रमाणे, टाइप करते. तिच्याकडे ‘ऱ्ह’ होतो तो साधा र, त्याला हलन्त, आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह मिळून. पडद्यावर दोन्ही ‘वऱ्हाड’ अगदी सारखे. छापून पाहिले तरी सारखे. मशीनला मात्र दोन.

तुमचा मेल आल्यावर मी रात्री दीडपर्यंत बसलो होतो. चष्मा पुसून पुसून पाहिलं, फरक दिसेना. शेवटी दोन्ही शब्दांच्या शेवटी कर्सर ठेवला आणि बॅकस्पेस मोजत गेलो. तुमच्या यादीतला ‘वऱ्हाड’ सहा टिचक्यांत पुसला गेला, आमचा सातव्या टिचकीला. तेव्हा कळलं. आता ही चूक कोणाची म्हणायची? मी तुमची म्हणत नाही. पण ‘खेड्यातल्या दुकानाची’ तर नाहीच नाही, सर. ही शहरातल्या एसीत बसूनही झाली असती. आणि तिथे कोणी बॅकस्पेस मोजले असते की नाही, देव जाणे.

लिंकएंडचं ऐका. एक्सएमएलचं प्रमाण १९९८ सालचं. आयडी (नाव) आणि आयडीरेफ (त्या नावाचा दाखला) हे प्रकार त्यात आहेत, पण ज्या ॲट्रिब्यूटमध्ये हा दाखला लिहायचा त्याचं नाव काय असावं, हे प्रत्येक स्कीमाने आपापलं ठरवलं. जॅट्समध्ये आरआयडी, डॉकबुकमध्ये लिंकएंड, टीईआयमध्ये टार्गेट, आणि तिथे नावाच्या आधी हॅशसुद्धा लावायचा. तिन्हींचं काम एकच. आमचे पंधरा लेख जॅट्समध्ये झाल्यावर तुम्ही व्हॉट्सॲपवर एका जुन्या पुस्तकाची फाइल पाठवलीत, ‘असंच हवं’ म्हणून. ती डॉकबुकची होती. मी फोन करून विचारलं, तर ‘नमुन्याप्रमाणे करा हो’ एवढंच म्हणून तुम्ही फोन ठेवला. पुढचे चार लेख नमुन्याप्रमाणे केले. लिंकएंड तिथून आला. पाचव्या लेखाला मलाच शंका आली आणि परत जॅट्सवर गेलो. आधीचे चार तेव्हाच बदलायला हवे होते, ते राहून गेले. उशिराबद्दल एकच वाक्य: तुमचे शेवटचे पाच लेख आले ते मुदतीच्या आदल्या रात्री साडेदहाला.

नाव जुळलं नाही की काय होतं हे आम्हाला कोणी शिकवायला नको, सर. याच दुकानात सकाळी कास्तकार येतात. आधारवर किसनराव, सातबाऱ्यावर किसन, पासबुकावर कृष्णा. माणूस समोर उभा असतो, अंगठा त्याचाच असतो, आणि पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता अडकलेला असतो. त्याला तलाठी कार्यालय, बँक आणि परत आमचं दुकान, अशा चकरा घालताना मी रोज पाहतो. मी नावांशी हलगर्जी करीन का?

टाइप करणारी मुलगी दिग्रसहून एसटीने येते. तुमचा अभिप्राय तिने माझ्याआधी वाचला. ‘खेड्यातलं’ हा शब्द काढता आला तर काढा, एवढी विनंती आहे. तारे दोनच राहू द्या.

यापुढे नावांचा तक्ता आधी ठरवून दोन्हीकडून सही करून घेऊ, ‘ऱ’ आणि जोडचिन्हासाठी एक छोटी तपासणीही बसवतो आहोत, जमेल तसं. दुरुस्तीचे म्हणून घेतलेले पाचशे रुपये तुमच्या खात्यावर परत टाकले आहेत. बत्तीसही लेख आता एकाच पद्धतीने, आरआयडीने केलेले आहेत आणि त्यांची झिप मंगळवारपासून ड्राइव्हवर आहे. ती अजून कोणी उघडलेली दिसत नाही. लिंक उघडत नसेल तर फोन करा, रविवारीही दुकान दुपारपर्यंत चालू असतं.